पाण्यासाठी केलेली कुरकुर

त्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचनासाठी कोरहाची गोष्ट उघडली, तेव्हा ते प्रवचन माझ्यासाठी आहे हे मला पहिल्याच वाक्याला कळलं. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रानातून चाललेल्या इस्राएल लोकांमध्ये कोरह नावाचा एक मोठा माणूस होता. देवाने नेमलेल्या मोशे आणि अहरोन या पुढाऱ्यांविरुद्ध तो माणसं जमवून उभा राहिला, आणि धरणीने तोंड उघडून त्याला त्याच्या माणसांसकट गिळून टाकलं. रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकल्यावर मी कितीतरी दिवस अंगणात जपून पाय टाकत असे. आता साठी ओलांडल्यावर, देवासच्या आमच्या छोट्याशा देवळात तिसऱ्या बाकावर बसून, मी ती पुन्हा ऐकत होते आणि आजूबाजूची डोकी हळूच माझ्याकडे वळत होती. आमच्या मंडळीतल्या तरुणांना मराठी नीट उमगत नाही, म्हणून पाळकसाहेब मधूनमधून हिंदीत बोलतात. शेवटी ते म्हणाले, "कुडकुडाना छोटा पाप नहीं है." मग मराठीत म्हणाले, "सेवकाविरुद्ध कुरकुर म्हणजे देवाविरुद्ध कुरकुर." मी मान खाली घातली नाही, पण घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

माझी कुरकुर एवढीच होती. आमच्या देवळाच्या आवारात मिशनच्या काळातली एक विहीर आहे. देवास म्हणजे पाण्याचे हाल, हे इथे जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण ही विहीर कधी आटल्याचं मी पाहिलेलं नाही. आवाराच्या मागे मजुरी करणाऱ्यांची एक गल्ली आहे. त्यांतलं कोणी आमच्या मंडळीतलं नाही, पण माझे आजोबा नगरकडून इथे दवाखान्यात कामाला आले तेव्हापासून त्या गल्लीतल्या बायका मागच्या जाळीच्या फाटकातून येऊन पाणी नेत आल्या. नवे पाळकसाहेब आले आणि काही महिन्यांनी त्या फाटकाला कुलूप लागलं. कारण विचारलं तर "आवाराची सुरक्षितता" एवढंच उत्तर मिळालं. हिवाळा कसाबसा निघाला. फाल्गुन लागता लागता गल्लीतला हातपंप कोरडा पडला आणि नळ आज येईल की परवा, याचा भरवसा उरला नाही.

गल्लीतल्या धापूबाईला मी तिच्या लग्नापासून ओळखते. तिची सून पोटुशी होती. मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीतून पाणी आणताना एका मोटारसायकलीचा धक्का लागून ती हंड्यासकट पडली. बाळाला काही झालं नाही, पण हाताचं हाड मोडलं. मी भेटायला गेले तेव्हा धापूबाई रडली नाही, चिडलीही नाही. तिने फक्त विचारलं, "बेनजी, अब पाणी कां से लावां?" मी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. नद्या कुठून उगम पावतात हे मी तीस पोरींना एका दमात सांगू शकते. त्या प्रश्नाचं उत्तर मात्र आमच्याच आवारात कुलपाआड होतं. पुढच्या रविवारी आशीर्वादाच्या आधी मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पाळकसाहेब, मागचं फाटक उघडा. लोक तहानलेले आहेत." आमच्याकडे उपासनेत असं कोणी बोलत नाही. पेटी वाजवणारा मुलगाही थबकला. पाळकसाहेबांनी आशीर्वाद देऊन उपासना संपवली, आणि त्यानंतरच्या रविवारी कोरह आला.

मनात शंका शिरली की ती उंदरासारखी आतून कुरतडते. आपण खरोखरच गर्वाने बोललो का? जन्म या देवळात गेला, बाप इथला पंच, म्हणून आपल्याला आपला हक्क वाटतो का? प्रार्थनेला बसले की शब्द सुचेनात. कोणीतरी माझ्यामागे मला "कोरहाबाई" म्हणाल्याचं कानावर आलं. त्याचं हसू आलं, पण ते हसू फार टिकलं नाही. तेव्हा मी ठरवलं, की धारला जाऊन दादाला विचारायचं. दादा माझा मोठा भाऊ. त्याने धारच्या मंडळीत पुष्कळ वर्षं पंच म्हणून काम केलं. वहिनी गेल्यापासून तो एकटा असतो. डोळे अधू झाल्यामुळे त्याला वाचता येत नाही, पण शास्त्र त्याला मुखपाठ असल्यासारखं आहे. पाळकाविरुद्ध त्याने आयुष्यात ब्र काढलेला नाही, म्हणून तो मला रागावेल याची मला खात्री होती. तरीही मी इंदूरला बस बदलून गेले.

दादाने सुपारी चघळत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "छोटी, खरं सांग. तुला त्यांची खुर्ची पाहिजे का?"

"नाही."

"मग काय पाहिजे?"

"पाणी."

"कोरहाला खुर्ची पाहिजे होती," दादा म्हणाला. "त्याचं म्हणणं होतं, आम्हीही पवित्रच आहोत, मग पुढे तुम्हीच का. तो तहानलेला नव्हता. तू जरा पाण्याच्या गोष्टी वाच मला."

मी वाचत गेले आणि तो ऐकत गेला. कडू पाण्यापाशी लोक मोशेवर कुरकुरले, तेव्हा देवाने त्यांना शिक्षा केली नाही, पाणी गोड केलं. पुढे कोरड्या मुक्कामावर ते मोशेशी भांडले, इतके की मोशेला वाटलं हे आता दगड मारतील. तरी देवाने खडकातून पाणी काढलं. मग पुष्कळ वर्षांनी पुन्हा एकदा पाणी नाही, पुन्हा भांडण. या वेळी देवाने मोशेला सांगितलं होतं की खडकाशी बोल. मोशे मात्र लोकांवर संतापला, त्यांना बंडखोर म्हणाला आणि त्याने काठीने खडकावर दोनदा मारलं. लोकांना, त्यांच्या गुराढोरांना भरपूर पाणी मिळालं. वचनदत्त देशात जायला मिळालं नाही ते मोशेला. मी हे पूर्वी अनेकदा वाचलेलं होतं, पण शिक्षा तक्रार करणाऱ्याला नव्हे, चिडलेल्या पुढाऱ्याला झाली, हे माझ्या ध्यानात त्या दुपारी आलं. मी थोडी जोरातच म्हणाले, "दादा, बघ. तहानेची तक्रार देवाने पाप धरली नाही."

मला वाटलं तो माझी बाजू घेईल. तो म्हणाला, "त्या धड्याची पहिली ओळ वाचलीस का?"

मी मागे जाऊन पाहिलं. मिर्याम तिथे मरण पावली आणि तिला तिथेच पुरलं, एवढंच तिथे लिहिलेलं होतं.

"बहीण गेली होती मोशेची," दादा म्हणाला. "माती द्यायला वेळ मिळाला न मिळाला, तोच माणसं पाण्यासाठी अंगावर आली. पाणी मागितलं ते बरोबरच होतं. पण एकाने तरी विचारलं का त्याला, की बाबा, तू बरा आहेस ना?" वहिनीची शाल खुंटीला होती, तिच्याकडे त्याचे अधू डोळे लागले होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पाणी सोडू नकोस हं. मागत राहा. पण विचारूनसुद्धा बघ."

परत आल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेबांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने चहा दिला. मला पाहून ते सावरून बसले, जणू मी भांडायलाच आले होते. मी म्हणाले, "फाटकाचं नंतर बोलू. तुम्ही बरे आहात ना?" त्यांनी कप हातात तसाच धरला. त्यांचा फोन वाजला, आणि तो आवाज ऐकून त्यांच्या पत्नीने दाराकडे पाहिलं. तो नुसता जाहिरातीचा फोन होता. "बरा आहे," ते म्हणाले. मग मी माझं म्हणणं मांडलं. "पाळकसाहेब, मी तुमच्याविरुद्ध माणसं गोळा करणार नाही. वर तक्रार करणार नाही. पण मी या मंडळीची सभासद आहे, मला विहिरीवरून पाणी काढायला कोणी अडवणार नाही. ते मी रोज काढीन आणि फाटकाच्या जाळीतून पलीकडे देईन."

"बाई, मी तुम्हाला अडवणार नाही," ते म्हणाले. "पण फाटक उघडणार नाही. मला शक्य नाही."

शक्य नाही, हा शब्द मला खटकला. इच्छा नाही असं ते म्हणाले नव्हते. पण त्या वेळी मी तो मनातच ठेवला.

मोटरच्या खोलीची चावी माझ्याकडे नव्हती, म्हणून मी जुन्या कप्पीवर नवा दोर घातला आणि पोहरा बांधला. जाळीतून एक प्लास्टिकचा नळा पलीकडे सोडला. मी अलीकडून ओतायचं आणि बायकांनी पलीकडे हंडा धरायचा. पहिल्या सकाळी त्याच माझ्याहून जास्त संकोचल्या. धापूबाई म्हणाली, "रेण दो बेनजी, हाथ छिली जायगा." हात सोलवटलेच. रात्री हळद आणि तूप लावून झोपायचं आणि सकाळी तळव्यांना फडकी गुंडाळून पुन्हा उभं राहायचं. सगळ्यांचं भागेल इतकं पाणी माझ्याच्याने निघत नव्हतं. प्यायला आणि स्वयंपाकाला कसंबसं पुरायचं. मंडळीतले काही जण बघून न बघितल्यासारखं करत. एक वडीलधारे पंच येऊन म्हणाले, "या वयात हट्ट शोभत नाही." मी म्हणाले, "शोभेसाठी नाही करत, भाऊसाहेब." दोर ओढताना मी एकच प्रार्थना करायची. प्रभो, मला कोरह होऊ देऊ नकोस, आणि मागेही हटू देऊ नकोस. प्रत्येक पोहऱ्याबरोबर ती पुन्हा म्हणायची. एरवी प्रार्थनेत हरवलेले शब्द मला विहिरीच्या काठावर परत मिळाले.

आमचा उपवासकाळ चालू होता आणि त्याच दिवसांत चैत्राचं नवरात्रही लागलं. देवीच्या टेकडीकडे पायी जाणारे लोक पहाटेपासून आमच्या समोरच्या रस्त्याने जात. त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं आणि ऊन लवकर तापलं होतं. भरलेला पोहरा काठाशी आला, मी तो धरायला वाकले, आणि डोळ्यांसमोर एकदम काळोख आला. पलीकडून धापूबाईचा ओरडण्याचा आवाज आल्याचं आठवतं. पायाखालचा दगड सुटल्यासारखा वाटला. ज्या गोष्टीची मला लहानपणी भीती वाटायची तीच आता होते आहे, एवढा विचार मनात आला आणि त्याच क्षणी कोणीतरी माझा दंड घट्ट पकडून मला मागे खेचलं.

डोळे उघडले तेव्हा मी निंबाखाली ओट्यावर होते. समोर एक चाळिशीचा माणूस उभा होता. पाय अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत धूळ, गळ्यात लाल गमछा. हातातलं देवीचं लाल निशाण त्याने देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. तो पीपलरावां गावाहून पायी टेकडीकडे निघाला होता. त्याचे सोबती पुढे गेले होते. आमच्या समोरच्या फाटकातून विहीर दिसली म्हणून पाणी प्यायला एकटाच आत वळला होता. स्वतः अजून प्यायलाही नव्हता. जाळीपलीकडचे रिकामे हंडे त्याने पाहिले आणि म्हणाला, "माजी, तम बैठो. हूँ खेंची दूँ." आणि तो दोर ओढू लागला. शेतातला हात तो. मी एक पोहरा काढायची तेवढ्या वेळात तो तीन काढायचा.

तेवढ्यात पाळकसाहेब धावत आले. घराच्या ओट्यावरून त्यांना आवारात लाल निशाण दिसलं होतं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यावर राग नव्हता. ते घाबरले होते. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, मी पडत होते, यांनी मला धरलं." त्यांनी त्या माणसाला विचारलं, "आप कहाँ से आए हैं, भैया?"

"पीपलरावां से, बाबजी. माताजी के यां जई रियो हूँ." त्याने दोर सोडला नव्हता. "माजी के चक्कर अई गया था. ई हंडा भरी दूँ, फेर जऊँ." मग त्याने फाटकाकडे पाहिलं आणि सहज, जसं कोणी शेजारी विचारेल तसं विचारलं, "चाबी नी है कईं? खोली दो तो ई बायां सीधी भरी लेगा."

पाळकसाहेबांनी जाळीपलीकडच्या बायकांकडे पाहिलं. विहिरीत पोहऱ्यातून पाणी ठिबकत होतं. मग ते वळून घरात गेले. मला वाटलं, संपलं. पण ते चावी घेऊन आले. कुलूप गंजलं होतं, चावी फिरेना. तो माणूस त्यांच्या शेजारी उकिडवा बसला, एकाने कुलूप धरलं, दुसऱ्याने चावी दाबली, आणि ते उघडलं. बायका उंबऱ्याशीच थबकल्या. तेव्हा पाळकसाहेब स्वतः म्हणाले, "आओ. अंदर आओ." त्या माणसाने शेवटी ओंजळभर पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, निशाण उचललं आणि "जै माताजी" म्हणाला. पाळकसाहेबांनी हात जोडून, आमच्या मंडळीच्या रीतीने, "सलाम, भैया" म्हटलं. त्याचं नाव मी विचारलं नाही. हे ध्यानात येईपर्यंत तो रस्त्यावरच्या माणसांत मिसळून गेला होता.

त्या दिवशी पाळकसाहेब माझ्याजवळ निंबाखाली बसले आणि त्यांनी आपण होऊन सांगितलं. याआधी ते ज्या गावी होते, तिथे त्यांनी वस्तीतल्या लोकांना असंच पाणी दिलं होतं. पाण्याचं आमिष दाखवून धर्म बदलवतात, असं कोणीतरी उठवलं. माणसं चालून आली. त्यांना, पत्नीला आणि लहान मुलीला अख्खा दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. पुढे काही सिद्ध झालं नाही, पण मुलगी अजूनही अनोळखी माणूस दिसला की आईला चिकटते. "मी लोकांना तहानलेलं ठेवलं हे मला कळत होतं, बाई," ते म्हणाले. "रोज खिडकीतून तुम्हाला दोर ओढताना बघत होतो. कोरहाचं प्रवचन मी तुमच्यावर रागावून नाही, स्वतःच्या भीतीला झाकायला केलं." मग म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत, बरे आहात ना म्हणून. इथे आल्यापासून ते कोणी विचारलं नव्हतं. मला खरं उत्तर द्यायला जमलं नाही."

गोष्ट इथे संपली असती तर सोपं झालं असतं. पुढच्या बैठकीत दोन पंच त्यांच्यावर तुटून पडले. न विचारता फाटक कसं उघडलं, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, असे पाळक आम्हाला नकोत. आता कुरकुर दुसऱ्या बाजूने सुरू झाली होती. त्यांची भीतीही खोटी नव्हती, हे मला आता कळत होतं. मी उठले आणि पाळकसाहेबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हणाले, "जबाबदारी माझीही लिहून घ्या. फाटक उघडं असेल तेव्हा मी तिथे असेन. कोणी विचारायला आलं तर आधी माझ्याशी बोलेल." पाठोपाठ पेटी वाजवणारा मुलगा उठला, मग त्याची आई. बाकीचे गप्प राहिले, पण कुलूप परत लावा असं कोणी म्हणालं नाही. अजून तरी कोणी विचारायला आलेलं नाही. उद्या आलंच तर मी तिथे आहे.

त्या वाटसरूला कोणी पाठवलं, यावर मला वाद घालायचा नाही. तो आपल्या देवीला निघाला होता आणि त्याला तहान लागली होती. मला एवढंच ठाऊक आहे की तो त्या क्षणी वळला नसता तर हे लिहायला मी नसते, आणि जे कुलूप माझ्या हट्टाने उघडलं नाही ते त्याच्या साध्या प्रश्नाने उघडलं. समर्पण म्हणजे ओठ शिवून बसणं, असं मी आयुष्यभर समजत आले. आता तसं वाटत नाही. जे बोलायचं ते समोर बोलावं, ज्याच्याशी बोलतो त्याचं दुखणं आधी विचारावं, आपल्या हाताला जेवढं काम झेपतं तेवढं करत राहावं, आणि दार कोणाच्या हातून उघडायचं हे देवावर सोडावं. माझ्या प्रभूने माझी तक्रार ऐकली आणि मला गिळलं नाही, सावरलं. त्याचे उपकार मी कशाने फेडणार.

पुनरुत्थानाच्या, ईस्टरच्या सकाळी आम्ही सूर्य उगवताना बाहेर अंगणात उपासनेला जमलो होतो. गल्लीतल्या बायका नेहमीप्रमाणे विहिरीवर आल्या, हंड्यांचा आवाज सुरू झाला. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी डोकं लववलं, तसा तो आवाज थांबला. मी जरा डोळे उघडून पाहिलं. धापूबाई, तिची हाताला पट्टी बांधलेली सून, आणि बाकीच्या सगळ्या जणी डोक्यावरचा पदर सावरून, भरले हंडे कडेवर घेऊन, आमची प्रार्थना संपेपर्यंत उभ्या होत्या. पाळकसाहेबांनी त्या दिवशी प्रार्थना थोडी आटोपती घेतली.